मृत्युपत्रातल्या एक्झिक्युटरच्या कलमांची पार्श्वभूमी

मृत्युपत्रातला एक्झिक्युटरचा, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसाचा, परिच्छेद बहुतेक वेळा जुन्या मसुद्यातून जसाच्या तसा उतरवला जातो. त्यामुळे त्यातले कुठले वाक्य कशासाठी आले, हे विचारायचे राहून जाते.

जुन्या हिंदू धर्मशास्त्रात एक्झिक्युटर नव्हताच. इंग्रजी अमलात हिंदूंची मृत्युपत्रे होऊ लागली, तरी नेमलेला माणूस फार तर कारभारी. मालमत्ता त्याच्याकडे येत नसे. १८७०च्या हिंदू विल्स ॲक्टने मुंबई आणि मद्रास शहरे व बंगाल प्रांतापुरती ही स्थिती बदलली. पुढे १८८१चा प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला) कायदा आला आणि १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात सगळे एकत्र झाले. आता कलम २११ प्रमाणे मालमत्ता एक्झिक्युटरकडे येते, अर्थात ती देणी भागवून वाटून देण्यासाठी.

‘देणी, औषधोपचार व अंत्यविधीचा खर्च आधी भागवावा’ हे वाक्य नसले तरी कायदा तोच क्रम लावतो: आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजाराचा खर्च, मग प्रोबेटचा, मग घरगड्याचा वा मजुराचा मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, त्यानंतर इतर कर्जे. मृत्युपत्रातले वाटे या सगळ्यानंतर. ते देण्यासाठी कलम ३३७ मृत्यूपासून एक वर्षाची सवड देते. वारसांच्या आग्रहाखातर घाईने वाटप केले आणि मागून धनको आला, तर एक्झिक्युटरच्या स्वतःच्या खिशाला झळ बसू शकते.

खरी गफलत विक्रीच्या कलमात होते. कलम ३०७ विकण्याचा अधिकार देतेच. पण हिंदूच्या मृत्युपत्रात निर्बंध घातला असेल तर तो पाळावा लागतो, नाहीतर कोर्टाची परवानगी. ‘घर शक्यतो विकू नये’ असे मायेपोटी लिहिलेले वाक्य पुढे खरेदीदाराच्या वकिलाला व्यवहार अडवायला पुरते.

दोन एक्झिक्युटर असतील, तर उलट काही लिहिले नसल्यास प्रोबेट घेतलेला कोणीही एक कारभार करू शकतो (कलम ३११). ‘दोघांच्या सहीने’ लिहिले आणि त्यातला एक परदेशात असला, की बँकेतले साधे खाते बंद करायलाही कागद तिकडे पाठवावे लागतात.

मुंबईतली प्रोबेटची सक्ती कलम २१३ मधून आली होती. डिसेंबर २०२५ मध्ये ते कलम वगळले गेले. पण प्रोबेट घेतलेच, तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यावा लागतो.