नरक्याच्या नोंदींची पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या दाट जंगलांत आणि कोकणात उतरणाऱ्या त्याच्या कड्याकपारींत नरक्या वाढतो. त्याला मोठे झुडूप म्हणा किंवा लहान झाड. त्याची फुले बारीक, पिवळसर पांढरी असून त्यांचा वास नकोसा असतो. या वनस्पतीचे वाळवलेले नमुने पुण्या-मुंबईच्या आणि परदेशांतील संग्रहांमध्ये आहेत, पण तिचा इतिहास एका नावाखाली शोधू गेल्यास तो सापडत नाही.

मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी वनस्पती-अभ्यासक जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये तयार केली. छपाई चालू असतानाच त्यांचे निधन झाले आणि राहिलेला भाग जोसेफ निम्मो यांनी पुरा केला. याच यादीत ग्रॅहम यांनी निम्मो यांच्या सन्मानार्थ या वनस्पतीला ‘प्रेम्ना निम्मोनिआना’ असे नाव दिले होते. प्रेम्ना ही मुळात वेगळ्याच कुळातील प्रजाती (जवळच्या जातींचा गट). पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी या वनस्पतीचे वर्णन स्टेमोन्यूरस प्रजातीत केले, मग ती मॅपिया फीटिडा झाली आणि अखेर नोथापोडायटिस प्रजातीत आली, जिथे ग्रॅहम यांनी दिलेले निम्मोनिआना हा नावाचा जुना दुसरा भाग तिला परत मिळाला. त्यामुळे एकाच वनस्पतीची नमुनापत्रे, म्हणजे वाळवलेला नमुना आणि माहितीची चिठ्ठी चिकटवलेले कागद, वेगवेगळ्या नावांच्या फायलींत पडून राहू शकतात.

ही गुंतागुंत केवळ वर्गीकरणकारांपुरती राहिली नाही. कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतींत आढळणारे एका प्रकारचे रसायन) मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केल्याचे जाहीर केले, आणि १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच मॅपिया फीटिडामध्ये, म्हणजे नरक्यामध्ये, असल्याचे दाखवले. या अल्कलॉइडपासून बनवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. मागणी वाढली, तशी महाराष्ट्रातील जंगलांतून नरक्याची खोडे आणि मुळे मोठ्या प्रमाणावर काढली गेली. मुळासकट उपटलेले झाड पुन्हा फुटत नाही.

तोडीपूर्वी नरक्या कोठे होता, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा जुन्या नमुनापत्रांतच मिळतो, मात्र तो जपून वाचावा लागतो. अनेक जुन्या चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून नुसते ‘कोकण’ किंवा ‘घाट’ एवढेच लिहिलेले असते. शिवाय संग्राहक महाबळेश्वर, माथेरान, खंडाळा अशा पोहोचण्यासारख्या जागी वारंवार गेले, म्हणून नमुना नसलेल्या डोंगरात वनस्पती नव्हतीच असे मानणे चूक ठरेल. वाळलेल्या फुलांना मूळचा वास फारसा राहत नाही, त्यामुळे संग्राहकाने चिठ्ठीवर त्याचा उल्लेख केला असेल तर ओळख पटवायला तो एक शब्दही मोलाचा ठरतो.

पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम हा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. माझ्या मते या संग्रहांतील नरक्याची पत्रे सगळ्या जुन्या नावांखाली शोधून, एकत्र तपासून त्यांचा नकाशा करणे हे तातडीचे काम आहे. नव्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांशांबरोबर खोडाचा घेर आणि तोडीच्या खुणाही नोंदवल्या, तर जुन्या आणि नव्या पत्रांची तुलना ठिकाणाठिकाणावर करता येईल.