श्रीलंकेची मिरी म्हणजे ड्युटी माफ? असं नाहीये

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये कितीतरी वर्षं हेच ऐकायला मिळतं, श्रीलंका, नेपाळशी करार आहे ना, मग तिकडून काहीही आणा, ड्युटी शून्य. नवीन पोरं यावर विश्वास ठेवून पैसे लावतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

काळी मिरीच घ्या. भारत-श्रीलंका करार 1998 ला झाला, 2000 पासून लागू आहे, पण त्यात मिरीला वर्षाला 2500 टनांचाच कोटा आहे, त्यापुढच्या मालाला तो शून्य दर नाही. आणि मिरी तिथलीच पिकलेली पाहिजे. व्हिएतनामचा माल कोलंबोत उतरवून नुसती गोणी बदलली तर तो श्रीलंकेचा होत नाही, बिलावर काहीही लिहा. आपल्याकडच्या मिरीवाल्या शेतकऱ्याचा भाव अशाच मालाने पडतो, राग येतो तो याचा.

साफ्ता, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा मुक्त व्यापार करार, 2006 ला सुरू झाला, त्यातही प्रत्येक देशाची सेन्सिटिव्ह लिस्ट आहे, त्यातल्या मालाला सवलत नाही. बाहेरचा कच्चा माल वापरला असेल तर नेपाळ, बांगलादेशसारख्या देशांनी साधारण 30 टक्के व्हॅल्यू तरी स्वतःकडे वाढवलेली लागते, इतरांना जास्त.

ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल कुठल्या देशाचा याचा दाखला, हातात आलं की सुटलो असंही समजू नका, सप्टेंबर 2020 पासून माल कुठे आणि कसा तयार झाला याची माहिती इम्पोर्टरनेच ठेवायची आहे, पाच वर्षं, आणि न्हावा शेवाला कस्टम्सने विचारलं तर द्यायची. तेव्हा ॲडव्हान्स पाठवण्याआधी सप्लायरकडून हे कागद मागा, टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा.