सरासरी काढूनही आकडा का हलतो? आधीचा कपॅसिटर आणि नंतरची सरासरी

एडीसीचा, म्हणजे व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करणाऱ्या सर्किटचा, आकडा थरथरतोय म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, पिनवर कपॅसिटर लाव. दुसरा म्हणतो, सोल्डरिंगची कटकट कशाला, कोडमध्ये दहा रीडिंगची सरासरी घे, एकच गोष्ट आहे. ती एकच गोष्ट नाही. दोन्हींनी आकडा शांत होतो, पण दोघांनी घालवलेला नॉइज (सिग्नलमध्ये मिसळलेली नको ती गडबड) वेगळा असतो, आणि एकाच्या जागी दुसरा वापरला तर चुकीचा आकडा अगदी खरा वाटू लागतो.

मला हे नीट कळलं ते एका तापमानमापकामुळे. झिरो पीसीबीवर एटीमेगा ३२८ (आतच एडीसी असलेला मायक्रोकंट्रोलर), त्याला १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आणि तीन मीटर साध्या वायरच्या टोकाला एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर. वायर भिंतीवरच्या लाइटच्या वायरिंगला लागूनच नेली होती. दर १०० मिलिसेकंदांनी एक रीडिंग आणि दहा रीडिंगची सरासरी, म्हणजे सेकंदाला एक आकडा. ग्राफ काढला तर खोलीचं तापमान अंशभर चढायचं, अंशभर उतरायचं, परत चढायचं. साधारण वीस सेकंदांची गुळगुळीत लाट, कुठे खरखर नाही. पंखा बंद केला, खिडकी लावली, सेन्सर दोनदा बदलला. लाट तशीच.

तो वारा नव्हता, मेन्सचा हम होता, म्हणजे घरच्या विजेच्या वायरिंगमधून सेन्सरच्या वायरमध्ये शिरलेली थरथर. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ म्हणतात, पण ती तिथे खिळलेली नसते. ग्रिड कोडने ठरवलेला पट्टाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आहे. समजा त्या वेळी ती ४९.९५ आहे. मी सेकंदाला दहाच सॅम्पल घेतोय. दोन सॅम्पलच्या मध्ये हमची जवळजवळ पाच आवर्तनं होतात, पण पुरती पाच नाही, किंचित कमी. त्यामुळे प्रत्येक सॅम्पल त्या लाटेवर मागच्यापेक्षा जरासं सरकून पडतं. ही सरक साठत जाते आणि वीस सेकंदांत एक पूर्ण लाट तयार होते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात छताचा पंखा सावकाश उलटा फिरताना दिसतो ना, तसंच. यालाच अलायसिंग म्हणतात.

आता इथे सरासरी काय करणार? तिच्या हातात आलेले आकडे खरोखरच सावकाश चढत-उतरत आहेत. खोलीचं तापमान असं बदललं असतं तर आकडे हेच आले असते. एकदा सॅम्पल घेतल्यावर हा हम आणि ती ऊब वेगळी ओळखायला कोडकडे काही साधन उरत नाही. मिनिटभराची सरासरी घेतली तर लाट दबेल, पण ग्रिड ४९.९९ वर आली की लाट शंभर सेकंदांची होते आणि पुन्हा डोकं वर काढते.

म्हणून हा नॉइज एडीसीच्या दारातच अडवावा लागतो. १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पिनपासून ग्राउंडला जोडला, तर कटऑफ (ज्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडू लागतात ती हद्द) साधारण १.६ हर्ट्झ येतो आणि ५० हर्ट्झचा हम तीस-एकतीस पटींनी खाली जातो. १० मायक्रोफॅरडऐवजी हाताशी होता म्हणून १ चा लावला, तर कटऑफ १६ हर्ट्झच्या आसपास येतो आणि हम तिसऱ्या हिश्श्यावरच अडतो. ‘कपॅसिटर लावला तरी फरक नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. रेझिस्टर मात्र १० किलोओहमच्या पलीकडे नेऊ नये, कारण या चिपच्या एडीसीला त्याहून जास्त इम्पिडन्सचा (अडथळ्याचा) सोर्स मानवत नाही.

मग सरासरी कशासाठी? जो नॉइज दर सॅम्पलला नवा असतो, मागच्याशी ज्याचं काही नातं नसतं, त्याच्यासाठी. एडीसीच्या आतला नॉइज असा असतो, आणि तिथे बाहेरचा कपॅसिटर पोहोचतच नाही. १६ सॅम्पलची सरासरी घेतली की असा नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो, १०० ची घेतली की दहाव्या. वर्गमूळाचा हिशोब असल्यामुळे पुढे पुढे कमाई महाग होत जाते.

सरासरीचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ५ व्होल्ट रेफरन्सवर (एडीसी ज्याच्याशी तुलना करून मोजतो त्या व्होल्टेजवर) १० बिटांची, म्हणजे १०२४ पायऱ्यांतली, एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, म्हणजे एलएम३५ साठी जवळजवळ अर्धा अंश. २५ अंशांना सेन्सर २५० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ५१.२ पायऱ्या. नॉइज अजिबात नसेल तर शंभर वेळा ५१ च येईल आणि सरासरीही ५१. ते .२ कायमचं गेलं. पायरीभर नॉइज असेल तर मात्र आकडे शेजारच्या पायऱ्यांवर उड्या मारतात, आणि कोणता किती वेळा आला यावरून दशांश हाती लागतो. एका जादा बिटासाठी चौपट सॅम्पल, दोन बिटांसाठी सोळापट. यालाच ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. त्याला थोडा नॉइज लागतोच. आरसी फिल्टर (वरची रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावून इनपुट शांत केलं, एडीसीचा स्वतःचा नॉइजही पायरीपेक्षा कमी असला, तर पुढच्या सरासरीला करायला काही उरत नाही.

हमसाठी सरासरी चालतच नाही, असंही नाही. दर १.२५ मिलिसेकंदाला एक अशी १६ सॅम्पल घेतली तर बरोबर २० मिलिसेकंद होतात, म्हणजे मेन्सचं एक आवर्तन. वरचा अर्धा भाग खालच्याला खातो आणि हम जवळजवळ शून्य होतो. इथे सॅम्पलिंग ८०० हर्ट्झचं असल्यामुळे ५० चा हम ५० चाच दिसतो, भलताच वेश घेत नाही. पण ४०० च्या, म्हणजे सॅम्पलिंगच्या निम्म्याच्या, वरचं सगळं, उदाहरणार्थ मोबाइल चार्जरसारख्या अडॅप्टरचा दहा-वीस किलोहर्ट्झच्या वरचा स्विचिंग नॉइज, अजूनही खाली उतरून येऊ शकतं. त्याला अडवायला १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड पुरतात. मी हल्ली हीच जोडी ठेवतो: छोटा फिल्टर दारात, आवर्तनाच्या मापाची सरासरी आत.

लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) काट्यांत सर्रास दिसणारी एचएक्स७११ ही चिप असंच काम करते. आत खूप वेगाने सॅम्पल घेऊन, गाळून, ती सेकंदाला १० आकडे देते, आणि त्या गाळणीत ५० व ६० हर्ट्झ दोन्ही पडतात. बाहेर छोटासा फिल्टर पुरतो.

रेफरन्स व्होल्टेजच सरकत असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. यूएसबीच्या ५ व्होल्टवर विसंबण्यापेक्षा चिपमधला १.१ व्होल्टचा रेफरन्स घ्यावा. पायरीही एक मिलिव्होल्टच्या आसपास येते.

तुमच्या ग्राफमध्ये अशी लाट दिसली तर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी एक करून बघा. सॅम्पलचा अवधी १०० वरून ९७ मिलिसेकंद करा. सरासरी काढून टाका, नुसती रीडिंग पाहा. ऊब खरी असेल तर तिला तुमच्या टायमरशी देणंघेणं नाही, लाट वीस सेकंदांचीच राहील. माझी लाट सेकंदाच्याही आत आली.