चर्चच्या फेस्ताला जेवण आणि मद्य : बेळगाव-खानापूर भागात काय परवानगी लागते?

फेस्ताचं, म्हणजे चर्चच्या सणाचं, जेवण ठरलं की आधी ठरवा, स्वयंपाक कोण करणार. धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्याला अन्नसुरक्षा नियमांत लहान व्यावसायिक मानलं आहे आणि त्याला साधी नोंदणी पुरते. केटरर मात्र या व्याख्येतून वगळला आहे. त्याच्याकडे अन्नसुरक्षा खात्याचा स्वतःचा १४ आकडी क्रमांक हवाच. आगाऊ रक्कम देण्याआधी तो क्रमांक फॉसकॉस या अन्नसुरक्षा खात्याच्या पोर्टलवर टाकून नाव, पत्ता आणि मुदत जुळते का बघा.

नोंदणीसाठी त्याच पोर्टलवर फॉर्म ए भरायचा. फोटो आणि ओळखपत्र जोडायचं, शुल्क वर्षाला १०० रुपये. अर्जावर ७ दिवसांत मंजुरी, नकार किंवा तपासणीची नोटीस येते. तपासणी निघाली तर वेळ जातो, म्हणून महिनाभर आधी अर्ज करा. अर्जदाराचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा.

मिस्सा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) लांबला की खरी पंचाईत मटणाची. सकाळी उतरवलेलं पातेलं झाकून दुपारपर्यंत ठेवलं तर रस्सा कोमट होतो आणि जंतूंचं फावतं. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वरच हवं. मंद आच चालू ठेवा आणि थर्मामीटर पातेल्याच्या मध्ये नि कडेला, दोन्हीकडे लावून बघा. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली.

मद्याचं गणित वेगळं. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथातल्या मंडळींची परंपराच मद्यत्यागाची, त्यामुळे त्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. बाकीच्यांनी लक्षात ठेवावं की चर्चचं आवार म्हणजे घरचा हॉल नव्हे. एका कार्यक्रमापुरता अबकारी खात्याचा सीएल-५ हा प्रासंगिक परवाना असतो. पण धार्मिक स्थळापासून १०० मीटरच्या आत मद्यविक्रीला परवाना न देण्याचा कर्नाटकाचा नियम आहे, तेव्हा आवारातच काउंटर मांडायचा बेत असेल तर पैसे भरण्याआधी अबकारी कार्यालयात विचारून घ्या. आमच्या मते परवाना असलेल्या हॉटेलात रिसेप्शन ठेवणं सगळ्यात सुटसुटीत.

चोर्ला घाटातून गोव्याची स्वस्त दारू आणण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळाच. सीएल-५ हातात असला तरी परराज्यातला माल त्यात बसत नाही. बाटल्या जप्त होतात, गाडीही अडकते. खरेदी कर्नाटकातल्या परवानाधारक दुकानातूनच करा, बिल आणि मूळ परवाना काउंटरवर ठेवा. २१ वर्षांखालच्या कुणालाही पेला देऊ नका.

तारीख पक्की करताना निवडणुकीचं वेळापत्रकही बघा. मतदान संपण्याआधीचे ४८ तास मद्य देता येत नाही.