ग्लास मागताना इंच नको, मॉडेल नंबर सांगा

"साडेसहा इंचाचा ग्लास आहे का?" असं मोबाइलच्या स्क्रीनवर चिकटवायच्या संरक्षक काचेबद्दल आमच्या दुरुस्तीच्या दुकानात कुणी विचारलं की आम्ही उलट विचारतो, "फोन कुठला?" काहींना वाटतं आम्ही टाळतोय. तसं नाही.

इंच म्हणजे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप. त्यातून रुंदी कळत नाही. आयफोन ८ प्लस ५.५ इंचाचा, आयफोन टेन ५.८ इंचाचा, दोन्ही २०१७चे. आकड्यावरून टेन मोठा वाटतो, पण ८ प्लस ७८.१ मिलिमीटर रुंद आहे आणि टेन ७०.९. ८ प्लसचा स्क्रीन १६:९ प्रमाणातला, टेनचा लांबट आणि चिंचोळा. त्याच सुमाराला बहुतेक कंपन्यांनी फोन उंच, अरुंद करायला घेतले. हातातही मावतो आणि जाहिरातीत इंचही वाढतात!

अर्धवट नावानंही भागत नाही. रेडमी नोट १० आहे ६.४३ इंच, नोट १० ५जी ६.५ आणि नोट १० प्रो ६.६७. "नोट टेनचा द्या" एवढंच सांगून मुलाला पाठवलंत, तर त्याची दुसरी फेरी ठरलेली. ग्लासचं एक वेळ चालतं. डिस्प्ले मागवताना ही गफलत झाली तर चुकीचा पार्ट परत जाऊन बरोबरचा येईपर्यंत तुमचा फोन आमच्या टेबलावर उघडा पडून राहतो, आणि रोज फोन करून "झाला का?" विचारणारेही तुम्हीच.

म्हणून आम्ही फोन न बघता ग्लास देत नाही. आधी कोरडा ठेवून कडा आणि कॅमेऱ्याचं भोक जुळतंय का बघतो, मगच चिकटवतो. पाच मिनिटं जास्त जातात, पण कडेला हवा धरलेला ग्लास घेऊन सहसा कुणी परत येत नाही.

घडीचा फोन असेल तर आतल्या स्क्रीनवरचा पातळ थर कडेला उचकटला तरी ओढू नका. तो स्क्रीनगार्ड नाही, स्क्रीनचाच भाग आहे. २०१९मध्ये सॅमसंगच्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डवरचा हा थर काही परीक्षकांनी काढला आणि स्क्रीन बिघडले. फोनची विक्रीही पुढे ढकलावी लागली. तुमचा थर उचकटला असेल तर फोन तसाच आमच्याकडे घेऊन या.

पुढे तर इंचाला आणखी कमी अर्थ राहणार. ह्युआवेचा २०२४चा तीन पदरी मेट एक्सटी मिटल्यावर ६.४ इंच, पूर्ण उघडल्यावर १०.२. त्याचा ग्लास किती इंचाचा सांगाल?

मॉडेल नंबर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये मिळतो. आयफोनवर 'जनरल', मग 'अबाउट'. त्या पानाचा स्क्रीनशॉट आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा, ग्लास काढून ठेवतो. बोटाचा सेन्सर स्क्रीनखाली असेल तर तेही कळवा, त्याला चालणारा ग्लास वेगळा असतो आणि लावल्यावर बोट नव्यानं नोंदवावं लागतं. ते आम्ही इथेच करून देतो.