भ्रूणीय मूलपेशी संशोधन : नीती व राजकारण

भ्रूणीय मूलपेशी संशोधन : फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशीच्या मानवी भ्रूणातील पेशी काढून त्या प्रयोगशाळेत वाढवणे, आणि त्यावरून उभे राहिलेले नैतिक, धार्मिक व कायदेविषयक वाद. या पेशींपासून शरीरातील जवळजवळ कोणतेही ऊतक तयार होऊ शकते. मात्र रूढ पद्धतीने त्या मिळवताना भ्रूण नष्ट होतो. बेळगाव सीमाभागातील मराठी भाषकांपुढे हा विषय ज्या शब्दांतून व ज्या संमतिपत्रांतून येतो, त्यांचाही या नोंदीत परामर्श घेतला आहे.

संज्ञा : लिखाणात ‘मूलपेशी’ किंवा ‘मूळ पेशी’ असे लिहितात, बोलताना सगळेच ‘स्टेम सेल’ म्हणतात. खरी अडचण ‘भ्रूण’ या शब्दाची आहे. वैद्यकीय परिभाषेत साधारण आठव्या आठवड्यापर्यंत भ्रूण व पुढे गर्भ असा भेद करतात. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या रूढ शब्दात मात्र लिंग ओळखता येण्याइतपत वाढलेला गर्भ अभिप्रेत असतो. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ गर्भ सापडले. हे गाव बेळगाव जिल्ह्यातील कागवाडच्या शेजारचे. त्यामुळे या पट्ट्यात ‘भ्रूण’ म्हटले की आधी ते प्रकरण आठवते. सुमारे दीडशे पेशींचा, टाचणीच्या टोकाहून लहान गोळा या शब्दाने डोळ्यांपुढे येत नाही. कन्नडमध्येही भ्रूणाला भ्रूणच म्हणतात आणि पेशीला ‘जीवकोश’; म्हणजे कन्नड फॉर्म वाचणाऱ्या मराठी माणसाला पेशीच्या नावातच जीव दिसतो.

धर्मशास्त्रातील ‘भ्रूणहा’ (भ्रूणाची हत्या करणारा) या पदाचा अर्थही वादग्रस्त आहे. काही भाष्यकार भ्रूण म्हणजे गर्भ असे घेतात, तर काही षडंगांसह (सहा वेदांगांसह) वेद जाणणारा ब्राह्मण असे. तेव्हा भ्रूणहत्येच्या महापातकाची वचने आजच्या वादात सरसकट उद्धृत करणे धोक्याचे ठरते. चरकसंहितेचे शारीरस्थान शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) व जीव यांचा संयोग कुक्षीत (उदरात) झाल्यावर त्याला ‘गर्भ’ ही संज्ञा देते. ‘कुक्षीत’ या अटीवर बोट ठेवून काचेच्या बशीतील भ्रूण गर्भ ठरत नाही, असा युक्तिवाद करता येतो. परंतु शरीराबाहेरील फलन ग्रंथकाराच्या कल्पनेतही नसणार, हा आक्षेप अधिक सबळ वाटतो. गर्भोपनिषद एका रात्रीचे कलल, सात रात्रींचा बुद्बुद, पंधरवड्याचा पिंड अशा अवस्था सांगते व जीवाचा संयोग सातव्या महिन्यात मानते. म्हणजे परंपरेतच एकवाक्यता नाही. सीमाभागात चिकोडी, निपाणी, अथणीकडे दिगंबर जैनांची मोठी वस्ती आहे. अहिंसेच्या कसोटीवर भ्रूण नष्ट करण्याला तेथे आक्षेप येणे स्वाभाविक आहे. कॅथलिक चर्चची भूमिका सर्वांत स्पष्ट आहे : फलनाच्या क्षणापासून व्यक्तीला द्यावा तो मान.

पद्धती : उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी १९८१ मध्ये केंब्रिज येथे मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, तसेच स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी मिळवल्या. मानवी पेशींचा पहिला पेशीवंश (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशींची मालिका) १९९८ मध्ये विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन यांच्या गटाने तयार केला. त्यांनी वेगळ्या काढलेल्या १४ आंतरपेशीपुंजांपैकी (भ्रूणाच्या आतील पेशींच्या पुंजक्यांपैकी) ५ पासून पेशीवंश टिकले. कोरककोशाचे (पाचव्या-सहाव्या दिवशीच्या पोकळ भ्रूणाचे) पारदर्शक आवरण काढतात, बाहेरचा पेशीथर प्रतिपिंड व पूरक द्रव्याने किंवा लेसरने दूर करतात आणि आतील पुंज आधारपेशींच्या थरावर ठेवतात. विभाजन थांबवलेल्या उंदराच्या तंतुपेशी या कामी बराच काळ वापरल्या गेल्या. तापमान ३७ अंश सेल्सिअस, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. वाढलेल्या पेशींच्या वसाहती (समूह) दर चार ते सात दिवसांनी तोडून नव्या बशीत लावाव्या लागतात. पेशी पूर्ण सुट्या केल्या तर बहुतेक मरतात, म्हणून लहान तुकडे करतात. उशीर झाला की वसाहतीच्या मधल्या पेशी आपोआप इतर प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ लागतात. अनेक महिन्यांच्या वाढीत १२, १७ व २० या गुणसूत्रांत बदल साचतात. असे वंश वेगाने वाढतात म्हणून नवख्याला ते ‘चांगले’ वाटतात, आणि तेच उपचारासाठी घातक असतात. रूपांतर न झालेल्या थोड्या पेशी रुग्णाच्या शरीरात गेल्या तरी टेराटोमा ही गाठ होऊ शकते.

चौदा दिवसांची मर्यादा : प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, ही मर्यादा ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये सुचवली व १९९० च्या कायद्यात ती आली. आद्य रेषा (भ्रूणात शरीराची मांडणी सुरू झाल्याची पहिली खूण) याच सुमारास दिसते आणि त्यानंतर एका भ्रूणाचे दोन जुळे होण्याची शक्यता उरत नाही, हा तिचा आधार. २०१६ पर्यंत भ्रूण इतके दिवस बाहेर टिकवताच येत नसे, म्हणून हा नियम पाळणे सोपे होते. मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवण्यावरील सरसकट बंदी आपल्या तत्त्वांतून काढली.

राजकारण : अमेरिकेत अध्यक्ष बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ पूर्वीच्या पेशीवंशांपुरताच केंद्रीय निधी खुला ठेवला. त्या यादीत भारतातील १० वंश होते : मुंबईतील रिलायन्स लाइफ सायन्सेसचे ७ व बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे ३. यादीतील थोडेच वंश प्रत्यक्षात संशोधकांना मिळाले. ओबामा यांनी मार्च २००९ मध्ये ते बंधन उठवले. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांपासून मूलपेशी मिळवल्याचा दावा करणारे दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांचे २००४ व २००५ चे निबंध बनावट निघाल्याने ते मागे घेण्यात आले. त्यात हाताखालच्या संशोधक स्त्रियांची बीजांडे वापरल्याचेही उघड झाले. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी साध्या पेशींना मूलपेशींचे रूप दिले. त्यामुळे वादाची धार बोथट झाली, पण तुलनेसाठी भ्रूणीय पेशी लागतातच.

भारत व सीमाभाग : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये आली, २०१३ च्या आवृत्तीत शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्द वगळला गेला, आणि २०१७ मध्ये ती पुन्हा सुधारली. त्यांनुसार चौदा दिवस किंवा आद्य रेषा, यांपैकी जे आधी येईल तेथे थांबावे लागते. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने तयार केलेले दोन वंश गर्भाशयात सोडण्यास अयोग्य ठरलेल्या, टाकून द्यावयाच्या भ्रूणांपासूनचे आहेत. नैतिकदृष्ट्या हा मार्ग कमी वादाचा मानला जातो.

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ नुसार भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षे साठवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. संशोधनासाठी परदेशी पाठवण्यास पूर्ण मनाई आहे. बीजांडदात्रीला आयुष्यात एकदाच दान करता येते व तिची सातपेक्षा अधिक बीजांडे काढता येत नाहीत.

अधिनियम देशभर एकच. प्राधिकारी मात्र राज्याचा. निपाणीचे जोडपे जवळ म्हणून कोल्हापूरला उपचार घेते, तर खानापूरचे बेळगावला. पहिल्याची तक्रार महाराष्ट्रात जाते, दुसऱ्याची कर्नाटकात. गोठवताना सही केलेला फॉर्म व संशोधनासाठीची संमती या वेगळ्या बाबी आहेत. एका सहीत दोन्ही उरकणे चूक. संमतिपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असावे, असे परिषदेची नीतितत्त्वे सांगतात. मराठी शाळेत शिकलेल्या पती-पत्नीला इंग्रजी वा कन्नड फॉर्म मिळाल्यास मराठी प्रत मागण्यास हा आधार पुरेसा आहे. मराठी प्रतीत ‘उरलेले भ्रूण संशोधनासाठी’ एवढेच न लिहिता, पेशी काढताना भ्रूण नष्ट होईल, पेशीवंश वर्षानुवर्षे वाढवला जाईल व त्यातून झालेल्या कमाईत वाटा नसेल, हे स्पष्ट हवे. दहा वर्षांत पत्ता व फोन बदलतो, कधी जोडपे विभक्त होते. संमती न मिळाल्यास भ्रूण संशोधनाला देता येत नाही.

नाळेतील रक्त साठवण्याच्या किंवा गुडघ्यात ‘स्टेम सेल’ टोचण्याच्या जाहिरातींचा भ्रूणाशी संबंध नसतो. रक्ताच्या विकारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडता मूलपेशी टोचण्याचे असे प्रयोग २०१७ च्या तत्त्वांनुसार मंजूर चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाकडून पैसे घेणे त्यांत बसत नाही.