लेजंड ऑफ लिझी बोर्डन, द

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर १० फेब्रुवारी १९७५ रोजी प्रथम दाखवला गेलेला दूरचित्रवाणी चित्रपट. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर या कापडगिरण्यांच्या गावात ४ ऑगस्ट १८९२ रोजी अँड्र्यू बोर्डन आणि त्यांची दुसरी पत्नी ॲबी यांचा राहत्या घरात कुऱ्हाडीने खून झाला. अँड्र्यू यांची धाकटी मुलगी लिझी हिच्यावर खटला भरला गेला, ती निर्दोष सुटली आणि त्यानंतर या खुनांबद्दल दुसऱ्या कोणावरही कधी खटला झाला नाही. चित्रपट या प्रकरणावर बेतलेला आहे. दिग्दर्शन पॉल वेंडकॉस यांचे, पटकथा विल्यम बास्ट यांची आणि संगीत बिली गोल्डनबर्ग यांचे. लिझीची भूमिका एलिझाबेथ माँटगमरी यांनी केली.

मूळ प्रकरणाचा बराचसा गुंता त्या घरातच होता. अँड्र्यू बोर्डन यांनी फर्निचर आणि अंत्यविधीच्या सामानाच्या धंद्यातून सुरुवात करून पुढे गिरण्या, बँका आणि जागा यांत पैसा गुंतवला. मृत्यूच्या वेळी त्यांची मालमत्ता तीन लाख डॉलरच्या घरात होती. तरी कुटुंब राहत होते ते गावातल्या श्रीमंतांच्या टेकडीवर नव्हे, तर सेकंड स्ट्रीटसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर. खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या, स्नानगृह नाही, शौचकूप तळघरात. वरच्या मजल्यावर आईवडिलांची खोली आणि लिझीची खोली यांमधले दार दोन्ही बाजूंनी बंद असे. त्यामुळे मुली पुढच्या जिन्याने वर जात आणि आईवडील मागच्या. एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडे असावीत तसा हा कारभार होता.

सावत्र आईशी बेबनाव जुनाच होता. १८८७ च्या सुमारास अँड्र्यू यांनी ॲबीच्या सावत्र बहिणीसाठी एका घराचा हिस्सा विकत घेतला, तेव्हापासून लिझी ॲबीला आई म्हणेनाशी झाली, ‘मिसेस बोर्डन’ म्हणू लागली. मुलींची समजूत घालण्यासाठी वडिलांनी त्यांनाही एक घर दिले आणि खुनाच्या काही आठवडे आधी तेच घर पाच हजार डॉलरला परत विकत घेतले. मालमत्तेचा प्रश्न फिर्यादीच्या दृष्टीने महत्त्वाचा होता, कारण ॲबी आधी मेली आणि अँड्र्यू नंतर. क्रम उलटा असता तर नवऱ्याच्या मालमत्तेतला ॲबीचा वाटा तिच्या माहेरच्यांकडे गेला असता.

त्या दिवशी मोठी बहीण एमा फेअरहेवनला गेली होती आणि पाहुणे आलेले मामा जॉन मोर्स सकाळीच बाहेर पडले होते. घरात उरले ते आईवडील, लिझी आणि आयरिश मोलकरीण ब्रिजेट सलिव्हन. ॲबी साडेनऊच्या सुमारास वरच्या पाहुण्यांच्या खोलीत मारली गेली, अँड्र्यू अकराच्या थोडे आधी बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर पडलेले असताना. म्हणजे खुनी सुमारे दीड तास घरातच किंवा घराच्या आसपास होता. ब्रिजेट खिडक्या धुऊन दमली होती आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन आडवी झाली होती. आपण कोठाराच्या माळ्यावर नासपती खात होतो, मासेमारीच्या दोऱ्याला लावायला शिशाचे तुकडे शोधत होतो, असे लिझीने सांगितले. ऑगस्टच्या उन्हात माळ्यावर इतका वेळ कोण थांबेल, हा फिर्यादीचा प्रश्न होता.

खटला ५ ते २० जून १८९३ या काळात न्यू बेडफर्ड येथे तीन न्यायाधीशांपुढे आणि बारा पुरुषांच्या ज्युरीपुढे चालला. स्त्रियांना तेव्हा ज्युरीत स्थान नव्हते. फिर्यादीच्या दोन भक्कम वाटणाऱ्या गोष्टी ज्युरीपर्यंत पोचल्याच नाहीत. खुनाच्या आदल्या दिवशी लिझी प्रुसिक ॲसिड हे जहाल विष मागायला आली होती, असे सांगणाऱ्या औषध दुकानातल्या नोकराची साक्ष आणि प्राथमिक चौकशीत वकिलाविना घेतलेला लिझीचा जबाब, दोन्ही न्यायालयाने वगळले. खुनानंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी, लिझीने चुलीत एक पोशाख जाळला. हे तिची मैत्रीण ॲलिस रसेल हिने पाहिले होते, पण त्याला जुन्या रंगाचे डाग पडले होते एवढे स्पष्टीकरण ज्युरीला पुरले असावे. बचावाचे प्रमुख जॉर्ज रॉबिन्सन हे राज्याचे माजी गव्हर्नर. त्यांनी ज्युरीला त्या तरुण, चर्चला जाणाऱ्या बाईकडे नीट बघायला सांगितले. ज्युरीने सुमारे दीड तासात तिला सोडले. दोन्ही मृतांच्या कवट्या न्यायालयात आणल्या गेल्या होत्या. त्या पाहून लिझीला भोवळ आली, आणि या भोवळीचा फायदा बचावालाच झाला.

फिर्यादीला शेवटपर्यंत सोडवता न आलेली अडचण रक्ताची होती. ॲबीला अठरा-एकोणीस घाव, अँड्र्यू यांना दहा-अकरा. एवढ्या प्रहारांनंतर मारणाऱ्याच्या अंगावर रक्त उडणारच. पण त्या सकाळी धावून आलेल्या शेजाऱ्यांना लिझीच्या अंगावर, केसांवर किंवा कपड्यांवर रक्त दिसले नाही. तळघरात सापडलेल्या दांडा मोडलेल्या कुऱ्हाडीवरही रक्त सिद्ध झाले नाही.

चित्रपट उत्तर देतो ते याच अडचणीला. खटला संपत येतो तेव्हा लिझीच्या आठवणीतून खून दाखवले जातात: ती कपडे उतरवते, उघड्या अंगाने वार करते, रक्त धुते आणि पुन्हा कपडे चढवते. वडिलांच्या वेळी तेच पुन्हा घडते. न्यायालयीन नोंदींत याला आधार देणारा एकही पुरावा नाही. हा पटकथेने मांडलेला तर्क आहे, आणि निकालाच्या अगदी उलट जाणारा. नग्नतेबाबत तेव्हाच्या दूरचित्रवाणीवर कडक बंधने होती, त्यामुळे कॅमेरा खांदे, पाय, हात एवढ्यावर निभावतो. माझ्या मते चित्रपटाची खरी ताकद याच आडपडद्यात आहे. पूर्ण काही दिसत नाही आणि तरीही प्रेक्षकाला आपण सगळे पाहिले असे वाटते.

बाकीच्या बाबतीत पटकथा नोंदींना बऱ्यापैकी धरून चालते. खुनाआधी घरात खाल्लेला मटणाचा रस्सा, आजारी पडलेली घरची माणसे, जाळलेला पोशाख, विषाची चौकशी हे तपशील आहेत. वडील आणि मुलगी यांच्या संबंधात मात्र ती स्वतःची भर घालते. अँड्र्यू यांच्या अंत्यविधीच्या धंद्यातून लिझीच्या लहानपणीचे एक अंगावर काटा आणणारे दृश्य रचले आहे, त्याला ऐतिहासिक आधार नाही. चांगला वकील जसा उलटतपासणीत एखादा प्रश्न सोडून देतो आणि ज्युरीला स्वतःच उत्तर शोधू देतो, तसे हे दृश्य आहे. पण इथे उलटतपासणी करणारा समोर नसतो.

शेवट नीट बांधलेला आहे. सुटून घरी आलेल्या लिझीला एमा विचारते, वडिलांना तूच मारलेस का. लिझी उत्तर देत नाही. चित्रपटाने प्रेक्षकाला उत्तर आधीच दाखवलेले असते, त्यामुळे या मौनाचा अर्थ एमाला कळो न कळो, आपल्याला कळतो. प्रत्यक्षात दोघी बहिणी टेकडीवर मेपलक्रॉफ्ट नावाच्या मोठ्या घरात राहायला गेल्या, लिझी स्वतःला लिझबेथ म्हणवू लागली, १९०५ मध्ये एमा घर सोडून गेली. दोघी १९२७ च्या जूनमध्ये नऊ दिवसांच्या अंतराने वारल्या.

माँटगमरी यांची निवड धाडसाची होती. ‘बिविच्ड’ या विनोदी मालिकेतली नाक हलवून जादू करणारी समँथा म्हणून १९६४ ते १९७२ अशी आठ वर्षे त्या घराघरांत ओळखल्या जात होत्या. त्याच चेहऱ्यावरची गोड शांतता इथे भीतीचे कारण बनते. त्यांच्यासोबत सरकारी वकील होझिया नोल्टनच्या भूमिकेत एड फ्लँडर्स, अँड्र्यू म्हणून फ्रिट्झ वीव्हर, ब्रिजेट म्हणून फिओनुला फ्लॅनगन आणि एमा म्हणून कॅथरिन हेल्मंड होते. चित्रपटाला संकलन आणि वेशभूषा यांसाठी एमी हे दूरचित्रवाणीचे पुरस्कार मिळाले. माँटगमरी यांना अभिनयाचे नामांकन मिळाले, पण त्या वर्षी तो पुरस्कार कॅथरिन हेपबर्न यांना गेला. माँटगमरी यांच्या १९९५ मधील मृत्यूनंतर वंशावळ तपासणाऱ्यांच्या लक्षात आले की त्या आणि लिझी बोर्डन दूरच्या नात्यातल्या होत्या. दोघींचा मूळपुरुष सतराव्या शतकातला मॅसॅच्युसेट्सचा रहिवासी होता.

मुलांच्या खेळगाण्यात लिझीने आईला चाळीस आणि बापाला एकेचाळीस घाव घातले असे येते. हे आकडे खोटे आहेत आणि ॲबी तिची सख्खी आईही नव्हती. पण गाणे टिकले. चित्रपटातल्या कपडे उतरवण्याच्या कल्पनेचेही तसेच झाले. क्रिस्टीना रिची हिची भूमिका असलेला २०१४ चा दूरचित्रवाणी चित्रपट आणि क्लोई सेव्हिनी हिचा २०१८ चा चित्रपट या दोन्हींत खून असेच उघड्या अंगाने होतात. त्यामुळे आता पाहणाऱ्याला ही एका पटकथेची शक्कल न वाटता खटल्यातलीच गोष्ट वाटते. सेकंड स्ट्रीटवरचे मूळ घर अजून उभे आहे. संग्रहालय आणि राहण्याची जागा म्हणून ते चालवले जाते आणि ॲबी जिथे मेली ती खोली रात्रीच्या मुक्कामासाठी मिळते.